काळी पट्टी, हिरवी पट्टी

काकांनी ग्रुपवर ‘ओके’ एवढंच लिहिलं आणि त्यानंतर १९ दिवस त्यांच्याकडून काही म्हणजे काही आलं नाही. १९ हा आकडा पक्का आहे, मी मोजलेत. आमच्या घरच्या ग्रुपवर पहाटेचा पहिला मेसेज काकांचाच असायचा. आधी एखादा गणपती नाहीतर सूर्यफूल, आणि त्याच्या मागोमाग ‘हे तुम्हाला माहीत आहे का?’ असं सुरू होणारं काहीतरी. त्या दिवशी टूथपेस्ट होती. तुमच्याकडेही कधी ना कधी येऊन गेलंच असेल ते. ट्यूबच्या शेपटाला, जिथं ती चिमटून बंद केलेली असते तिथं, एक रंगीत चौकोन असतो. हिरवा असला तर सगळं नैसर्गिक, निळा असला तर नैसर्गिक आणि औषध, लाल म्हणजे नैसर्गिक आणि रसायन, आणि काळा म्हणजे निव्वळ रसायन. काकांनी सोबत स्वतःच्या घरातल्या ट्यूबचा फोटो जोडला होता. काळ्या चौकोनाभोवती बोटानं लाल गोल काढलेला, तोही थरथरता. खाली लिहिलं होतं, ‘आज आमच्यातली चेक केलो. काळी निघाली. टाकून दिलो. सर्वांनी चेक करा.’

मी तेव्हा ऑफिसात होते, रिटर्न भरायच्या शेवटच्या तारखेची गडबड होती आणि समोरच्या माणसाची बिलं जुळत नव्हती. मी दोन वाक्यं टाइप केली. ‘काका, हे फेक आहे. पुढे पाठवायच्या आधी तपासत जा.’ वर एक लिंक. पुण्याच्या चुलतभावानं त्यावर हसून डोळ्यांत पाणी आलेला चेहरा टाकला, त्याच्या बायकोनं तसलेच दोन टाकले. मग बऱ्याच वेळानं काकांचं ‘ओके’.

मी बरोबर होते, म्हणून जास्तच टोचत राहिलं.

काका म्हणजे वडिलांचे धाकटे भाऊ, राहायला बेळगावच्या वडगावात. उद्यमबागेतल्या कारखान्यात ३० वर्षं लेथवर काढलेला माणूस. हायड्रॉलिकच्या पार्टांमध्ये केसाच्या जाडीचा फरकसुद्धा चालत नाही, हे त्यांनी मला मी तिसरीत असताना सांगितलं होतं आणि पटावं म्हणून माझ्याच डोक्यावरचा एक केस उपटून व्हर्नियरमध्ये, म्हणजे बारीक मापं घ्यायच्या त्यांच्या हत्यारात, धरून दाखवला होता. असा माणूस कुणी लिहिलं ठाऊक नसलेल्या चार ओळींवर विश्वास ठेवून अर्धी भरलेली ट्यूब फेकून देतो, याचं तेव्हा मला हसू आलं होतं. आता वाटतं, त्यात नवल काय? व्हर्नियरवर जसा आकडा दिसतो तसा तो खरा मानायचा, हीच तर त्यांची आयुष्यभराची सवय. वस्तूवर काही खूण असेल तर तिला अर्थ असणारच, उगीच कोण शाई खर्च करतंय, हा त्यांचा हिशोब. आणि तो बरोबरच होता की. अर्थ होताच, फक्त दुसरा होता.

काकांच्या फॉरवर्डांची एक गंमत होती. त्यातलं निम्मं खोटं असायचं आणि निम्मं भलतंच उपयोगी. कुठलं कुठल्यातलं, हे आधी कळायचं नाही. २०१६च्या नोव्हेंबरात दोन हजारची नवी नोट आली तेव्हा तिच्यात नॅनो चिप आहे आणि जमिनीखाली १२० मीटर पुरली तरी सॅटेलाइटला दिसते, हे आम्हाला काकांनीच सांगितलं. काकूनं तेव्हा एक नोट इंद्रायणीच्या डब्यात, तांदळाच्या तळाशी ठेवली होती. ‘बघू की, येतंय काय कोण इचारायला.’ कोणी आलं नाही. पुढं २०२३ साली त्या नोटा परत घेणार म्हणून जाहीर झालं तेव्हा ती डब्यातून निघाली, तांदळाचा वास लागलेली आणि थोडी पिठूळ. दुसरीकडं, गॅसच्या सिलिंडरच्या वरच्या पट्टीवर जे अक्षर आणि आकडा रंगवलेला असतो तो काय, हेही मला काकांमुळंच कळलं. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, सी म्हणजे जुलै ते सप्टेंबर, डी म्हणजे वर्षाचे शेवटचे तीन महिने, आणि पुढचा आकडा सालाचा. मूळ मेसेजात ‘सिलिंडरची एक्सपायरी डेट’ असं होतं. काकांनी ते पुढं पाठवताना खाली आपली ओळ जोडली होती, ‘एक्सपायरी न्हवे. परत टेस्टिंगला पाठवायची मुदत. लोखंड एक्सपायर होत नाही.’ म्हणजे तपासत जा हे ज्यांना मी शिकवलं, ते स्वतः तपासत होतेच की. त्यांना ठाऊक असलेल्या धातूपुरतं तरी.

आणि कुलपाचं भोक. बेळगावचा पाऊस ज्यानं पाहिलाय त्याला हे सांगायला नको, जुलैत इथं कपडे आठवडाभर ओलेच राहतात, भिंतीला हिरवं चढतं आणि बाहेरच्या फाटकाचं कुलूप रुसून बसतं. आम्ही दरवर्षी किल्लीच्या भोकातून खोबरेल सोडायचो. कुलपाच्या बुडाला किल्लीच्या भोकाशेजारी एक छोटं छिद्र असतं, ते आत गेलेलं पाणी निथळून जायला, आणि तिथून तेलही सोडता येतं, असा एक व्हिडिओ काकांनी पाठवला. सोबत ताकीद, ‘खोबरेल घालू नका. डिसेंबरात थिजतंय. मशीनचं तेल.’ पंधरा-वीस वर्षं रोज हातात घेतलेल्या वस्तूला एक छिद्र आहे आणि ते मी कधी पाहिलेलंच नाही, याची मला त्या दिवशी केवढी मजा वाटली होती! मी छत्री खांद्यावर धरून, पावसात, फाटकापाशी वाकून कुलूप उलटं करून बघत होते. शेजारच्या वहिनींनी विचारलं, काय पडलं काय? म्हटलं, नाही, सापडलं.

तर असे १९ दिवस. ग्रुपवर वाढदिवसाचे केक येत होते, पुण्याच्या भाच्याचे कराटेतले फोटो येत होते, पण ‘हे तुम्हाला माहीत आहे का?’ नव्हतं. आणि नेमकं याच दिवसांत मला एकेक गोष्टी सापडत गेल्या. खडेबाजारात एका धान्याच्या दुकानाबाहेर खडूनं कन्नडमध्ये भाव लिहिले होते. मला कन्नड बोलता येतं ते बाजारापुरतं, आणि वाचता येतं ते पहिलीतल्या पोरासारखं, अक्षर जुळवत जुळवत. तेवढ्यासाठी हल्ली फोनचा कॅमेरा धरते, तो मजकूर मराठी करून दाखवतो. त्या दिवशी पाटीवर कॅमेरा धरला तर स्क्रीनवर उमटलं, ‘पक्षी, ५२ रुपये किलो.’ दोनदा बघितलं. आतमध्ये पोती, पोत्यांवर मांजर, पक्षी कुठंच नाही. मग पेटली ट्यूब. अक्की म्हणजे तांदूळ आणि हक्की म्हणजे पक्षी. खडूची एक रेघ पावसाच्या शिंतोड्यानं पसरली होती, कॅमेऱ्यानं ‘अ’ला ‘ह’ वाचून तांदळाला पंख फोडले होते. दुकानदाराला सांगितलं तर तो पोट धरून हसला, मांजराकडं बोट दाखवून कन्नडमध्ये म्हणाला, हिला सांगू नका.

हे काकांना सांगायचं होतं. काकांचं कन्नड कारखान्यातलं, म्हणजे शिव्यांपासून सुरू होऊन मापांपर्यंत गेलेलं, अगदी खणखणीत. अंगठा ग्रुपवर गेला आणि थांबला. ज्या जागी आपण पोलिसासारखी शिट्टी वाजवली तिथं आता आपणच नाचत जायचं कसं? मी तो फोटो नवऱ्याला पाठवला. त्यानं ‘हं’ लिहिलं.

त्याच आठवड्यात चादरी बघत होते. अ‍ॅपवर भाषा मराठी केली की वस्तूंची नावं जी काय होतात, त्यावर एक स्वतंत्र दिवाळी अंक निघेल. सिंगल बेडची चादर होती, तिचं नाव तिथं लिहिलं होतं, ‘अविवाहित चादर, शुद्ध कापूस, घट्ट रंग’. मी बसमध्ये होते, आरपीडीच्या स्टॉपला उतरायचं विसरून पुढं गेले. स्क्रीनशॉट काढून ठेवला. हाही कोणाला पाठवला नाही. फोनमध्ये असे सात-आठ फोटो साठले, आणि मला पहिल्यांदाच जाणवलं की ही असली गंमत एकट्यानं ठेवून घ्यायची वस्तूच नाही. ती नासते. परवाचा ‘पक्षी’ आज परत काढून बघितला तर नुसता तांदळाचा भाव होता.

आणि का कोण जाणे, टेप आठवली.

मी आठ वर्षांची असेन. काकांची स्टीलची मोजपट्टी, खटकन आत जाणारी, आमचं सगळ्यात आवडतं खेळणं. तिच्या टोकाला जो वाकडा पत्रा असतो तो ढिला होता. हलवला की मिलिमीटरभर पुढंमागं सरकायचा. मी काकांवर उपकार करायचे ठरवले. परसात पाट्यावर टेप ठेवून त्या पत्र्याच्या रिव्हेटांवर बत्त्यानं असे काही घाव घातले की पत्रा जागच्या जागी घट्ट. संध्याकाळी काका आले. त्यांच्या शर्टाला कुलंटचा, लेथवर धातू कापताना सोडतात त्या पाण्याचा, तो वास, थोडा गोड थोडा कुजट, आणि कोपरापर्यंत बारीक चकाकणारा चुरा. मी अभिमानानं टेप पुढं केली. काकांनी पत्रा हलवून बघितला. हलला नाही. मला वाटलं, आता शाबासकी. काकांनी काही न बोलता दुसरी टेप, बहुतेक शेजाऱ्यांची, घेतली आणि मला टेबलाशी नेलं. पत्रा टेबलाच्या कडेला अडकवून ओढला, पत्रा जरासा बाहेर सरकला. मग तीच टेप भिंतीला टेकवून दाबली, पत्रा जरासा आत गेला. ‘पत्रा किती जाड हाय? तेवढाच सरकतोय बघ. अडकवून मोजताना पत्र्याची जाडी मधे येत नाही, टेकवून मोजताना येतीय. म्हणून मुद्दाम ढिला ठेवलाय. हे कुणीतरी डोस्कं लावलंय गे.’ मग माझ्या हातात दोन्ही टेपा दिल्या, चांगली आणि मी बिघडवलेली, आणि सांगितलं, दोन्हींनी मोजून ये. मी अख्खं घर मोजलं. चूल ते मोरी, मोरी ते तुळस. दोन्हींत प्रत्येक वेळी एवढा एवढा फरक. ती बिघडलेली टेप पुढं कितीतरी वर्षं माझ्याकडं होती. मला कोणी त्या संध्याकाळी ‘तपासत जा’ म्हटलं नव्हतं.

विसाव्या दिवशी रविवार होता. वडगावात गेले. पूर्वी त्या गल्लीत शिरलं की दोन्ही बाजूंनी विणकरांच्या मागांचा खडखडाट अंगावर यायचा, बोलायचं तर ओरडून. आता मधेच एखाद्या घरातून येतो, त्यामुळं पावलांचा आवाजसुद्धा ऐकू येतो आणि उगीच चोरट्यासारखं वाटतं. काका ओसरीवर पेपर वाचत होते. ‘ये की. चहा घेणार न्हवं?’ एवढंच. नेहमी फोन त्यांच्या खिशात असतो, तो आत टीव्हीवर पालथा ठेवलेला. काकूनं चुरमुऱ्यांची ताटली आणली आणि डोळ्यांनीच मला काहीतरी सांगितलं, जे मला आधीच कळलं होतं.

माफी मागायची मी वाटेत तीन-चार प्रकारे तयारी केली होती. एकही जमली नाही. पर्समध्ये शाम्पूच्या पुड्यांची एक माळ होती, गणपत गल्लीतून येताना घेतलेली, ती काढून पेपरवर ठेवली. म्हटलं, ‘काका, एक विचारायचं होतं. ह्या पुड्या मशीनवर होतात ना, तेव्हा छापलेल्या प्लास्टिकचा मोठा रोल पळत असतो. कुठं कापायचं ते मशीनला कसं कळतं? अक्षरांच्या मधेच कशी कापत नाही?’

काकांनी पेपरवरून नजर उचलली नाही. ‘सेटिंग असतंय. लांबी ठरवून देतात.’

‘पण प्लास्टिक ओढलं जातं, ताणतं. एकेक पुडीला जरासा जरी फरक पडला तरी हजाराव्या पुडीपर्यंत अक्षर कुठल्या कुठं.’

आता मात्र चष्मा आला. माळ हातात घेतली, उजेडाकडं धरली, फिरवली. काकांचं बोट सरकत सरकत कडेच्या त्या बारक्या काळ्या पट्टीवर आलं आणि थांबलं. प्रत्येक पुडीला एक, त्याच जागी. थोडा वेळ गेला. समोरच्या घरातला माग सुरू झाला, बंद पडला, परत सुरू झाला. ‘फोटो सेन्सर,’ काका म्हणाले. ‘वरनं लाइट टाकतंय. काळं आलं की लाइट परत येत नाही. मग काप म्हणतंय.’ आणि मग माझ्याकडं बघून, एकदम, ‘त्या ट्यूबवर पण हेच?’

हेच. ट्यूब तर गोल, तिला नुसती चिमटून चालत नाही, नाव बरोबर समोर यायला हवं. म्हणून मशीन ती फिरवते, खूण दिसली की थांबवते आणि मग शेपूट चिकटवते. खूण उठून दिसली म्हणजे झालं, मग फिक्या ट्यूबवर काळी, कधी निळी, कधी हिरवी, त्या ट्यूबच्या छपाईत जी शाई आधीच वापरली असेल तीच. एवढं मी सांगितलं, पण खरं तर निम्मं काकाच सांगत होते. माझी वाक्यं माझ्या आधी पुरी करत होते. ‘डार्कवर लाइट, लाइटवर डार्क. बरोबर. कॉन्ट्रास्ट पाहिजे.’ उठून कपाटातून पिवळ्या फडक्यात गुंडाळलेलं व्हर्नियर काढलं. रिटायर झाल्यापासून ते मी पाहिलं नव्हतं. पुड्यांची माळ टेबलावर सरळ केली, मला एक टोक धरायला लावलं, आणि एका काळ्या पट्टीपासून दुसऱ्या काळ्या पट्टीपर्यंत मापं घ्यायला लागले. ‘साठ पॉइंट शून्य दोन. लिही.’ मी लिहिलं. ‘साठ पॉइंट शून्य सहा.’ लिहिलं. ‘हे काय खरं मेजरमेंट न्हवं गे, प्लास्टिक दबतंय,’ असं म्हणत बारा पुड्या मोजल्या. मग बिस्किटाचा पुडा आला, मग काकूच्या हळदीचं पाकीट, मग फरसाणाचं. सगळ्यांच्या कडेला ती पट्टी होती. काकू म्हणाली, आता माझी पण कडा बघा कुठं काळी आहे काय.

‘ती ट्यूब उगीच टाकलो,’ काका जरा वेळानं म्हणाले.

काकू आत गेली आणि मोरीवरून ट्यूब घेऊन आली. तीच, काळ्या चौकोनाची, लांबच्या लांब गुंडाळत आणलेली. त्याच दिवशी कचऱ्यातून काढून तिनं ती चांदीची निरांजनं घासायला ठेवली होती. ‘रसायन असू दे नाहीतर आणि काय. चांदी बघा कशी निघालीय.’ आणि देव्हाऱ्याकडं बोट.

मग मी ‘पक्षी’ दाखवला. काकांनी फोन लांब धरून वाचला आणि हसता हसता त्यांना ठसकाच लागला. कारखान्यात नवीन आलेल्या एका मराठी पोरानं कँटीनवाल्याला असंच विचारलं होतं, आज पक्षी शिजलाय काय म्हणून, अशी एक गोष्ट निघाली. पुण्याच्या भावाला आमचं ‘मी केलो’, ‘मी टाकलो’ विनोदी वाटतं. काकांच्या तोंडून ही गोष्ट ऐकताना मला वाटलं, पुणेरी करून सांगितली तर यातलं काहीच उरणार नाही. मग चादर दाखवली. ‘अविवाहित चादर.’ काकांनी चष्मा वर केला, गंभीर चेहऱ्यानं काकूकडं बघितलं आणि विचारलं, ‘आणि डबलची काय म्हणतंय? संसारी?’

दुसऱ्या दिवशी पहाटे ५ वाजून १० मिनिटांनी फोन वाजला. सूर्यफूल. त्याच्यामागं फोटो, शाम्पूच्या माळेचा, शेजारी व्हर्नियर आडवं ठेवलेलं, आणि मजकूर काकांचा स्वतःचा. ‘हे तुम्हाला माहीत आहे का? पॅकिंगवरची काळी हिरवी पट्टी ही मशीनच्या डोळ्यासाठी असते. केमिकलचा संबंध नाही. आम्ही १२ पुड्या मोजून बघितलो. मागचा मेसेज चुकीचा होता. सर्वांना पाठवा.’ पुण्याच्या भावानं अंगठा दिला. मीही दिला, आणि ऑफिसात बाईंना, बँकेतल्या मैत्रिणीला, सोसायटीच्या ग्रुपला, सगळीकडं पाठवला.

त्याच रात्री साडेनऊला परत फोन वाजला. काका. आज रात्री १२.३० ते ३.३० या वेळात पृथ्वीजवळून कॉस्मिक किरण जाणार आहेत, फोन बंद ठेवा, उशाशी घेऊन झोपू नका, नासानं सांगितलंय. हा मेसेज मी गेली कित्येक वर्षं पाहतेय, दरवेळी आज रात्रीच असतात ते किरण. मी ‘काका’ एवढं टाइप केलं. पुसलं. परत टाइप केलं, परत पुसलं. वर ‘टायपिंग’ असं दिसत असणार त्यांना.

फोन बंद केला नाही. उशाशी असतो तो उचलून खिडकीत ठेवला मात्र.